शब्दांचा करार, हवेचा हिशेब



जागतिक तापमानवाढीवर बोलायला एखादा शास्त्रज्ञ सोडून कवीला का बोलावले, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. विज्ञानाशी माझा संबंध वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुठल्याही माणसाइतकाच आहे. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे. आणि गंमत अशी, की कर्बवायू कमी करण्यासाठी जगातील देश १९९२पासून जे करार करीत आले, त्यांतली मोठी भांडणे एकेका शब्दावरून झालेली आहेत. आज त्या शब्दांविषयीच थोडे बोलतो.

आधी हवेचा हिशेब पाहू. हवाई बेटावर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, चार्ल्स डेव्हिड कीलिंग या शास्त्रज्ञाने मार्च १९५८मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३१३ भाग होते. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी ते २८०च्या आसपास असत. मे २०१३मध्ये तिथल्या रोजच्या मोजणीत हा आकडा प्रथमच ४००वर गेला आणि मे २०२५मध्ये महिन्याची सरासरी ४३०च्या पुढे गेली. कीलिंग २००५मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव राल्फ यांनी ही मोजणी पुढे चालू ठेवली आहे.

या आलेखात एक सुंदर गोष्ट आहे. दरवर्षी मे महिन्यात तो शिखरावर पोचतो आणि मग सप्टेंबरपर्यंत उतरतो. उत्तर गोलार्धातील झाडे उन्हाळ्यात पालवतात, हवेतला कर्बवायू ओढून घेतात, म्हणून तो उतरतो. पानगळीनंतर पुन्हा चढतो. म्हणजे पृथ्वी श्वास घेते आणि सोडते, हे त्या कागदावर दिसते. फक्त प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा वरच्या पायरीवर संपतो. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कर्बवायू हवेत सोडतो. त्यातला निम्मा समुद्र आणि झाडे-माती शोषून घेतात. उरलेला वर साठत राहतो, आणि त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे तिथेच मुक्काम ठोकतो. हौदाचा नळ थोडा बारीक केला म्हणून हौद रिकामा होत नाही, तो सावकाश का होईना भरतच राहतो. तसे हे आहे. हवेचा हिशेब इतका सरळ आहे. आता माणसांच्या शब्दांकडे वळू.

१९९२मध्ये रिओ येथे वसुंधरा परिषद झाली. तिथल्या हवामान करारात एक महत्त्वाचे तत्त्व मान्य झाले : जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे. ज्यांनी आधी आणि जास्त धूर सोडला, त्यांनी आधी आणि जास्त कपात करावी. १९९७च्या क्योटो करारात ते तत्त्व आकड्यांत उतरले. औद्योगिक देशांनी २००८ ते २०१२ या काळात १९९०च्या तुलनेत सरासरी सुमारे ५ टक्के कपात करायची असे ठरले. अमेरिकेने सही केली, पण करार मंजूर केला नाही. कॅनडाने २०११मध्ये बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. असो.

मग आले पॅरिस. १२ डिसेंबर २०१५. दोन आठवड्यांच्या वाटाघाटी संपून अंतिम मसुदा हाती आला होता, आणि तेव्हा अमेरिकेच्या वकिलांना त्यात एक शब्द खटकला. श्रीमंत देशांनी कपातीत पुढाकार घेण्याविषयीच्या वाक्यात 'शॅल' असे लिहिले होते. त्यांचे म्हणणे, तिथे 'शुड' हवे. इंग्रजीतला हा फरक आपल्या भाषेत सांगायचा तर 'करतील' आणि 'करायला हवे' एवढाच. पण कर्जाच्या कागदावर 'रक्कम परत करीन' असे लिहून देणारा आणि 'रक्कम परत करायला हवी' असे लिहून देणारा, यांत सावकार कोणावर विश्वास ठेवील? 'शॅल' राहिले असते तर करार अमेरिकी सिनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथे तो मंजूर होण्याची आशा नव्हती. शेवटी तांत्रिक दुरुस्ती म्हणून तो शब्द बदलल्याचे सभागृहात वाचून दाखवले गेले आणि करार संमत झाला. एका शब्दाने करार वाचला. त्याच शब्दाने तो दुबळाही झाला.

दुसरी घटना ग्लासगोची, नोव्हेंबर २०२१मधली. यात आपला देश होता. कोळशावरील वीज 'फेज आउट' करावी, म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करावी, असे मसुद्यात होते. अखेरच्या बैठकीत भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी 'फेज डाउन', म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी करावी, असा बदल सुचवला. तो स्वीकारला गेला. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांनी प्रतिनिधींची माफी मागितली आणि बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला. जगभर भारतावर टीका झाली.

मला ती टीका अर्धीच पटते. अमेरिकेत दरडोई वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू निघतो, भारतात सुमारे २ टन. १८५०पासून आजवर साचलेल्या धुरातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. शिवाय त्या मसुद्यात कोळशाचे नाव होते, पण तेल आणि वायूचे नव्हते. ज्यांची चूल कोळशावर, त्यांनी ती विझवायची. ज्यांची तेलावर, त्यांच्याविषयी अवाक्षर नाही. पुढच्याच वर्षी शर्म अल शेखच्या परिषदेत सगळीच खनिज इंधने कमी करा, असे भारताने सुचवले, तेव्हा ते अंतिम निर्णयात आले नाही.

पण उरलेली अर्धी टीका आपण ऐकून घेतली पाहिजे. न्याय मागणे वेगळे आणि न्यायाच्या आडोशाला बसून राहणे वेगळे. एकूण धुराचा विचार केला तर चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच क्रमांक लागतो. जून २०२५मध्ये देशातील वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता खनिज इंधनाविना झाली, ठरवलेल्या २०३०च्या पाच वर्षे आधी. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र इथेही शब्द नीट वाचावा लागतो. 'क्षमता' म्हणजे 'निर्मिती' नव्हे. सूर्य रात्री नसतो, वारा नेहमी वाहत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष विजेचा बहुतांश भाग अजून कोळशातूनच येतो.

आणि कोळसा म्हटले की आपल्याला फार दूर जावे लागत नाही. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. त्या जिल्ह्याने खाणी, धूळ, राख आणि उन्हाळ्यातला देशातील कडक उष्मा सोसून राज्याला वीज पुरवली. खाणीत आणि केंद्रात काम करणारा, कोळशाचा ट्रक चालवणारा, फाटकाबाहेर चहाची टपरी टाकणारा, या सर्वांची भाकरी त्या कोळशाशी बांधलेली आहे. 'आउट' की 'डाउन' हा वाद ग्लासगोत एका रात्रीत मिटला. चंद्रपुरात त्याचा अर्थ एवढाच, की केंद्र बंद होण्याआधी त्या माणसाला दुसरे काम दिसते की नाही. २०२३च्या दुबई परिषदेत खनिज इंधनांपासून 'न्याय्य, सुव्यवस्थित आणि समन्यायी' रीतीने दूर जाण्याचे आवाहन केले गेले. त्यातला 'न्याय्य' हा शब्द खरा करायचा तर तो चंद्रपूरसारख्या ठिकाणीच करावा लागेल. तिथे तो पोचला नाही, तर कागदावरचे बाकीचे शब्दही पोचणार नाहीत.

मग इतकी वर्षे हे शब्द झिजवून काय मिळाले? उत्तर कडूगोड आहे. पॅरिसच्या वेळी देशांची चालू धोरणे पाहता शतकाअखेर तापमान ३ ते ३.५ अंशांनी वाढेल, असा अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या अहवालात तो सुमारे २.८वर आला. म्हणजे शब्द अगदी वाया गेले नाहीत. पण पॅरिसने मर्यादा आखली होती दोन अंशांच्या बरीच खाली, शक्यतो दीड अंशाची. २०२४ या एका वर्षाची वाढ दीड अंशाच्या वर गेली. मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीची असल्यामुळे ती अजून मोडली असे म्हणता येत नाही, इतकेच. अमेरिकेने जानेवारी २०२५मध्ये पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी ब्राझीलमधील बेलेम परिषदेच्या मुख्य निर्णयात खनिज इंधनांचे नाव घेणेच टाळले गेले. नाव न घेतल्याने धूर कमी होत नाही.

तरीही शब्दांवरचा माझा विश्वास उडालेला नाही. २०१९मध्ये पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : हवामान सांभाळणे हे देशांचे कर्तव्य आहे की मेहेरबानी? वानुआतू या छोट्या देशाने तो प्रश्न उचलला आणि संयुक्त राष्ट्रांमार्फत आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले, की ते कायदेशीर कर्तव्य आहे. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, बंधनकारक निकाल नव्हे. तरी पॅरिसमध्ये जे 'करायला हवे' होऊन बसले होते, ते दहा वर्षांनी पुन्हा 'करावेच लागेल'च्या दिशेने सरकले. ते सरकवले विद्यार्थ्यांनी आणि नकाशावर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या देशाने.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. यापुढे सरकारची, कंपनीची किंवा आपल्या महापालिकेची हरित घोषणा कानावर आली, तर विशेषणांना भुलू नका. क्रियापद पाहा. 'करणार' आहे की 'प्रयत्न करणार'? कधीपर्यंत? किती? खर्च कोण देणार, आणि ज्याचा रोजगार जाईल त्याचे काय? चार प्रश्न आहेत, आणि ते विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. मौना लोआवरचे यंत्र आपली भाषणे ऐकत नाही. ते फक्त मोजते. त्याचा आकडा उतरायचा असेल तर आपली क्रियापदे आधी खरी व्हायला हवीत. नव्हे, झालीच पाहिजेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)