ऐकलेला शब्द आणि शेजारचा माणूस

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानात, वांकिडी येथे दिलेले भाषण)



दिवंगत गुरुजनांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. शिक्षकाचे खरे स्मारक त्याच्या विद्यार्थ्यांच्या वागणुकीत असते, असे मी मानतो. म्हणूनच आज वागणूक हाच विषय मी निवडला आहे. आपण जसे वागतो तसे का वागतो? त्यात आपले स्वतःचे किती, भोवतालच्या माणसांचे किती, आणि जे आपण वाचतो, ऐकतो, पाहतो त्याचे किती?

हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना नवा नव्हता. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण गोठ्यात जन्मली आणि माणसांना लागू झाली. गेल्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट प्रयोगाने तपासून पाहिली. अमेरिकेतील अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ साली काही लहान मुलांसमोर मोठ्या माणसाला एक फुगवलेली बाहुली बडवायला लावली. ती मुले पुढे संधी मिळताच त्याच हातवाऱ्यांनी आणि त्याच शब्दांनी बाहुलीला मारू लागली. १९६३ साली तेच दृश्य पडद्यावर दाखवले, तरी परिणाम तसाच झाला. मूल उपदेशाकडे फारसे लक्ष देत नाही, पण डोळ्यांसमोर घडलेले मात्र उचलते.

मोठ्यांची स्थिती याहून फार वेगळी आहे असे नाही. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा होता. एक रेघ दाखवायची आणि तिच्याएवढ्या लांबीची रेघ तीन रेघांतून ओळखायला सांगायचे. उत्तर उघड होते. पण खोलीतील बाकीच्या सर्वांनी, आधी ठरल्याप्रमाणे, ठामपणे चुकीचे उत्तर दिले की खरा परीक्षार्थी डळमळत असे. अशा प्रसंगी सुमारे एक तृतीयांश उत्तरे गर्दीच्या मागे जाऊन चुकीची आली. मला मात्र या प्रयोगाचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्या खोलीत खरे उत्तर देणारा केवळ एक सोबती मिळाला, की चुकांचे प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांशावर उतरत असे. हा एक सोबती आपण लक्षात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आजचे सारे बोलणे त्याच्याविषयीच आहे.

रेघा ओळखण्यात चूक झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण तोच मनोव्यापार गावाच्या चौकात घडला तर काय होते, ते महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून त्या भागात आधीच पोचल्या होत्या. लोकांना संशय आला, जमाव जमला, आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत मरेपर्यंत मारण्यात आले. ज्या कचेरीत गावाने न्यायाने कारभार करावा, तिच्या भिंतींआड हे घडले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची कथा सांगण्यासारखी आहे. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, असे तीत दिसत असे. मूळ फीत कराची शहरातील एका बालसुरक्षा संस्थेची होती. पालकांनी सावध राहावे म्हणून ती मुद्दाम अभिनय करवून तयार केली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा संदेश दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी केलेले चित्र निरपराधांच्या जिवावर उठले. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो, हे खरे. पण जो संदेश पोचला, त्याचे काय करायचे, हे यंत्र ठरवत नाही.

येथे कोणी म्हणेल, दोष मोबाईलचा आहे. तो नव्हता तेव्हा सारे ठीक होते. मला हे मान्य नाही. आपल्या शेजारच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रीपुरुषही होते. काहींना खांबाला बांधले होते. भानामतीचा संशय मोबाईलने आणलेला नाही. तो चुलीजवळ, विहिरीवर, पारावर वाढत आला आहे. जुने दिवस निर्मळ होते आणि नव्या यंत्राने ते नासवले, असे म्हणणे सोपे आहे, पण त्यातून आपण काही शिकत नाही. मला दोन्ही ठिकाणी एकच रचना दिसते. आधी भीती घालणारा शब्द येतो. मग माणूस आजूबाजूला पाहतो. शेजारी हात उगारून उभा असेल, तर याचाही हात उठतो. शेजारी गप्प असेल, तर ती गप्पच त्याला संमती वाटते. शब्द कुठूनही येवो, त्याला बळ देतात ती जवळची माणसे.

हे खरे असेल, तर उपायही जवळच्या माणसांतच असला पाहिजे. आणि तो आहे. राईनपाड्याची घटना घडली त्याच दिवशी रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले. त्यांच्यात दोन वर्षांचे मूल होते. अफवा तीच, संतापही तोच. पण तेथे त्यांना एका घरात आसरा मिळाला, आणि पोलिसांनी जमावाला तोंड देऊन त्यांना बाहेर काढले. ते जगले. अ‍ॅश यांच्या खोलीतला तो एक सोबती येथे दाराची कडी काढणाऱ्या माणसाच्या रूपाने उभा राहिला.

दुसरे उदाहरण आपल्याच तेलंगणाचे आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात गदवाल आणि वनपर्ती जिल्ह्यांत हीच अफवा पसरू लागली. एरवी उकाड्यात अंगणात झोपणारी माणसे दारे लावून आत झोपू लागली आहेत, हे गावोगाव फिरणाऱ्या शिपायांच्या नजरेस आले. पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी प्रत्येक गावासाठी एकेक पोलीस आधीच नेमून दिला होता. लोक त्याला नावाने ओळखत. तो घरोघर गेला, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सामील झाला, आलेली चित्रफीत खोटी कशी हे समजावू लागला. पोलिसांनी डप्पू वाजवून, तेलुगू लोकगीतांच्या चालीवर गाणी रचून चौकाचौकांत प्रबोधन केले. अनोळखी माणूस दिसला तर मारू नका, आम्हाला बोलवा, एवढेच सांगणे होते. त्या चारशेच्या वर गावांत अफवेने एकाचाही जीव घेतला नाही. सरकारी पत्रकाने हे साधले नसते. ओळखीचा माणूस आणि ओळखीचा आवाज यांनी ते साधले.

माध्यम आणि माणसे एकत्र आली की केवळ अनर्थ टळतो असे नव्हे, तर चांगलेही घडते. आपला जिल्हा आंध्र प्रदेशात होता त्या काळातील गोष्ट आहे. नेल्लूर जिल्ह्यात संपूर्ण साक्षरतेची मोहीम चालू होती. दुबगुंटा या खेड्यातील मजूर स्त्रिया रात्रीच्या वर्गांना येत. तेथे अक्षरांबरोबर घरच्या दुःखाची चर्चा निघे, आणि त्या दुःखाचे मूळ बहुतेक घरी एकच होते : गावातले अरकाचे, म्हणजे गावठी दारूचे, दुकान. त्यांनी एकजुटीने ते बंद पाडले. पुढे त्यांचीच हकीगत नवसाक्षरांच्या वाचनपाठात आली, आणि इतर गावांतील स्त्रिया तो पाठ वाचून एकमेकींकडे पाहू लागल्या. १९९२ साली हे आंदोलन राज्यभर पेटले. १ ऑक्टोबर १९९३ पासून अरकावर बंदी आली आणि जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी झाली. संपूर्ण बंदी १९९७ मध्ये शिथिल झाली, हेही सांगितले पाहिजे. पण वाचनपाठातल्या एका धड्याने एवढे घडवले, हे नाकारता येत नाही. कारण तो धडा कोणी एकटीने वाचला नव्हता. कंदिलाभोवती दहा जणी बसल्या होत्या. एकीने वाचले, दुसरीने विचारले, तिसरीने आपल्या घरचे सांगितले.

आजच्या माध्यमांचा मोठा धोका मला येथे जाणवतो. पूर्वी वर्तमानपत्र गावात एक येई आणि ते मोठ्याने वाचले जाई. गाडगे महाराज कीर्तनात श्रोत्यांना सतत प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. गोंड समाजाच्या कुळकथा प्रधान गायक किकरीच्या साथीने गात, त्या सर्वांच्या देखत. ऐकणे ही चारचौघांत होणारी क्रिया होती. म्हणून ते सारे खरेच असे, असे नव्हे; पण शंका विचारायला जागा होती. आता शब्द हाताच्या तळव्यावर येतो, एकेकट्याला गाठतो, आणि वाचणारा कोणालाही न विचारता तो पुढे धाडतो. आपण एकटे वाचतो, आणि कृती मात्र जमावाने करतो. मधली बैठक नाहीशी झाली आहे.

ही बैठक परत आणता येईल का? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक प्रयत्न केला. रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवायचे, मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनीही त्यांना साथ द्यायची, असा निर्णय ग्रामसभेने घेतला. त्यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की निर्णय गावाने घेतला. एकाच घराने संच बंद केला तर मूल शेजारच्या घरी जाऊन बसते. सर्वांनी मिळून केले म्हणजे मुलाला दुसरा मार्ग उरत नाही, आणि बापालाही नाही. मुलाने पुस्तक घ्यावे आणि वडिलांनी मोबाईल, हा उपदेश बंडुरांच्या प्रयोगानंतर तरी कोणी करू नये.

आता आपल्या वांकिडीविषयी. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. मग राज्यांच्या रेषा बदलल्या, २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली जिल्हाही वेगळा झाला. माणसे आणि सोयरिकी होत्या तेथेच राहिल्या. घरी मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दोन्ही, आणि शेजारच्या गुड्यात गोंडी, असे आपल्या मुलांचे जगणे आहे. आपण याकडे अडचण म्हणून पाहतो. आजच्या विषयाच्या संदर्भात मला त्यात एक सामर्थ्य आणि एक जबाबदारी दिसते.

अफवा सीमा मानत नाही. कराचीची फीत मराठी, तेलुगू, कन्नड अशा कोणत्याही भाषेची मथळावजा ओळ लावून फिरू शकते. अफवेचे भाषांतर करणारे पुष्कळ असतात, खुलाशाचे भाषांतर करायला कोणी बसत नाही. हैदराबादच्या पोलिसांनी तेलुगूत दिलेला खुलासा मराठी घरात पोचत नाही. चंद्रपूरच्या मराठी वर्तमानपत्रातील दुरुस्ती तेलुगू घरात जात नाही. दोन्ही वाचू शकणारा माणूस सीमेवरच्या गावातच असतो. तो या शाळेत बसला आहे. एखादा संदेश आला की तो दुसऱ्या भाषेत शोधून पाहणे, मूळ कुठले हे विचारणे, आणि खरे कळल्यावर ते दोन्ही बाजूंना सांगणे, एवढे काम या शाळेच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले, तर या पंचक्रोशीला तो मोठा आधार होईल.

माजी विद्यार्थ्यांनाही माझे सांगणे आहे. आपण चंद्रपूर, नागपूर, हैदराबाद येथे असाल, पण गावाच्या मोबाईल-गटात आपण आहातच. गाव आपल्या शब्दाला वजन देते, कारण आपण शिकून बाहेर गेलेले आहात. त्या गटात एखादा भीती घालणारा संदेश येतो तेव्हा आपण गप्प राहिलात, तर आपली गप्प ही संमतीत धरली जाते. ‘हे कोणी पाहिले? कधी? कुठे?’ असे तीन प्रश्न लिहायला पैसा लागत नाही. क्वचित कोणी रागावेल. पण ते वाचणाऱ्या दहा जणांना, ज्यांच्या मनात तीच शंका होती पण बोलायचे धैर्य नव्हते, एक सोबती मिळेल.

भोवतालची माणसे आपल्याला घडवतात, हे मी सुरुवातीपासून सांगत आलो. त्याचा अर्थ असा, की आपणही कोणाच्या तरी भोवतालची माणसे आहोत. या शाळेतील गुरुजनांनी हे काम आयुष्यभर केले. ते आपण पुढे चालवावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.