संप करायचा, तर थांबता आले पाहिजे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मघाशी एका भावाने विचारले, "कामगार संप करतो, सरकार हलते. आपण संप केला तर कुत्रेही विचारत नाही. असे का?" प्रश्न खरा आहे. उत्तरासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांकडे बघू. आपल्या कापसाशी त्यांचे नाते जुने आहे.

जुलै 1908. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात 6 वर्षांची शिक्षा झाली. गिरणी कामगारांनी 6 दिवस संप केला, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस. त्यात पगारवाढीची मागणी नव्हती. गोळीबार झाला, माणसे मेली, तरी लोक रस्त्यावर आले. सरकार आमच्या घामावर चालते आणि तो घाम आम्ही थांबवू शकतो, एवढेच त्यांना दाखवायचे होते. संप हे राजकीय हत्यार आहे ते असे.

आता दुसरा संप. 18 जानेवारी 1982. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, डॉ. दत्ता सामंत पुढारी. पगार वाढवा, बदली कामगारांना कायम करा, या मागण्या होत्याच. पण खरा खिळा वेगळाच होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी धंद्यात मान्यताप्राप्त युनियन एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. बोलणी त्यानेच करायची. कामगार म्हणाला, माझ्या वतीने कोणी बोलायचे हे मी ठरवणार, तो कायदा काढा. सरकारला हेच नको होते.

आपल्याला हे दुखणे नवे नाही. 1972 साली एकाधिकार कापूस खरेदी आली. कापूस आपला, पण विकायचा एकाच दाराशी. राज्याच्या हद्दीबाहेर नेला तर गुन्हा. ती योजना पुढे संपली, पण 'तुझ्या मालाचे तू ठरवायचे नाहीस' ही वृत्ती संपलेली नाही.

1982 च्या संपाचे काय झाले? तो मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, तो झिजत गेला. हजारो कामगारांना परत कामावर घेतले नाही. ऑक्टोबर 1983 मध्ये केंद्र सरकारने 13 गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. 1984 ला सामंत लोकसभेवर निवडून आले. मते मिळाली, मागण्या मिळाल्या नाहीत.

का हरला? कामगार भित्रा नव्हता. मालकाला थांबता येत होते. गोदामात न विकलेले कापड होते, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग चालू होते. बाजारात कापड कमी पडले नाही. कामगार जो इतके महिने टिकला, तो गावामुळे. कोकण, सातारा, कोल्हापूर, सांगलीकडे बिऱ्हाडे परत गेली, शेतात राबली, घरची भाकरी खाल्ली. संप मुंबईचा, पण जगवला तो गावच्या भाकरीने.

आता आपले बघा. 1 जून 2017 ला पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध आणि भाजीपाला शहराकडे जायचा थांबला. 11 जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. पण त्या दिवसांत आपण कोरडवाहूवाले काय थांबवणार होतो? आपला कापूस केव्हाच व्यापाऱ्याच्या घरात गेला होता. आपण बियाण्याच्या दुकानासमोर उभे होतो.

मी कृषी पदवीधर. कापूस किती दिवस राहतो हे मला पुस्तकात शिकवले. घरात ठेवला की वाळून वजन घटते, रंग जातो, आगीची धास्ती असते. पण पुस्तकात हे नव्हते, की दिवाळीला सावकार दारात उभा असतो आणि म्हणून कापूस आठ दिवसही राहत नाही. आपल्या मालात थांबण्याची ताकद आहे, घरात नाही.

म्हणून संपाची तारीख मागू नका. आधी तयारी करा. ज्वारी आणि तूर वखारीत ठेवून पावतीवर तारण कर्ज उचला. दहा-वीस घरांनी मिळून कापसाची सरकी काढून गाठी बांधून घ्या. गाठ थांबते, सुटा कापूस थांबत नाही. पेरणीआधी घरात वर्षाची ज्वारी असलीच पाहिजे.

शेवटची गोष्ट कडू आहे. कापूस वेचणाऱ्या बायांनी किलोमागे दर वाढवून मागितला आणि एक दिवस वेचणीला आल्या नाहीत, तर आपण काय म्हणतो? "माजल्या." गिरणी मालकही हेच म्हणत होता. भाव पडल्याचा तोटा त्यांच्या मजुरीतून काढायचा आणि सरकारपुढे न्याय मागायचा, हे जमणार नाही. वेचणीवाली आपल्यासोबत नसेल तर आपला संप एका दिवसात मोडेल, आणि मोडायलाच हवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत. किती घरे महिनाभर माल धरू शकतात, आणि वेचणीचा दर त्या बायांशी बसून किती ठरला. ते आकडे हातात आले की संपाची भाषा करू.