“मेरे हाथ से” म्हणणारं लेकरू

(बुलढाणा जिल्ह्यातील एका पालक मेळाव्यात केलेलं भाषण)



आज अब्बू मंडळीही आली आहेत, हे फार बरं झालं. लेकरांचा विषय निघाला की पुरुष बाहेर चहाच्या टपरीवर आणि बायका आत, असंच मी आजवर बघत आले.

या जिल्ह्यात मी बरीच वर्षं अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. चिखली, मेहकर, मलकापूर या बाजूच्या वस्त्यांत फिरताना एक वाक्य सतत कानावर यायचं. अम्मी घास भरवते आहे, आणि तीन-साडेतीन वर्षांचं लेकरू तिचा हात बाजूला सारून म्हणतं, “मेरे हाथ से!” मराठी घरात तेच “मी, मी!” होतं. लेकरू तिथे खाऊ मागत नसतं, काम मागत असतं. आपण मात्र त्याला जिद्दी म्हणतो.

अम्मीची अडचण मला कळते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी लवकर निघायचं असतं. लेकराला स्वतः चप्पल घालू द्यायची तर दहा मिनिटं जातात, तीही उलट्या पायात. पण रात्री निवांत असतानाही आपणच भरवतो. म्हणजे दोष सगळा घाईचा नाही. सांडेल, कपडे खराब होतील, सासूबाई बोलतील, आणि खरं सांगायचं तर लेकराला आपली गरज राहणार नाही, अशीही एक भीती मनात असते.

आता जे बोलणार आहे ते काहींना टोचेल. घरात मुलगा पाच वर्षांचा झाला तरी त्याचा नाडा बहीण बांधते, आणि आपण म्हणतो, “शहजादा है हमारा.” त्याच घरातली चार वर्षांची मुलगी पाण्याचा ग्लास आणते, तान्ह्या भावाला कडेवर घेते, आणि आपण म्हणतो, “कितनी सयानी है.” मला हे सयानेपण मान्य नाही. ती स्वतःचं करायला शिकलेली नाही, दुसऱ्याचं करायला शिकली आहे. तिला विचारा, आज कुठला फ्रॉक घालायचा? ती आधी आईच्या तोंडाकडे बघते. आणि तो शहजादा पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा टॉवेल कुठे आहे ते बायकोला विचारतो. त्याचं लग्न आपण लावून देतो, म्हणजे नाडा बांधणारी बदलते एवढंच.

आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. बाईच्या माथी जे दोष मारता ते पुरुषांत नाहीत का, असा रोकडा सवाल त्यांनी केला. मी तर म्हणते, ही तुलना चौथ्या वर्षीच सुरू होते, आणि ती आपणच सुरू करतो.

दुसऱ्या ताराबाई मोडक. वऱ्हाडाशी त्यांचंही नातं होतं, लग्नानंतर काही वर्षं त्या अमरावतीला होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, आणि 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं. गरिबांची लेकरं बालवाडीकडे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथलं. सरकारची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला आली, ती नंतर. तिथल्या शाळेत हातपाय धुणं, केस विंचरणं, आवराआवर करणं हाच अभ्यास होता. आज पालक मला विचारतात, “बाजी, ए बी सी डी कब शुरू करते?” मी विचारते, लेकरू संडासला एकटं जाऊन स्वतः धुऊन येतं का? ते नाही म्हणतात, आणि फी भरून नर्सरीत घालतात.

आपल्याकडे बिस्मिल्लाहची जुनी रीत आहे. चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं लेकरू झालं की त्याला नवे कपडे घालून तख्तीपुढे बसवायचं. ती फर्ज नाही, रीत आहे, पण मला आवडते. मुलगा-मुलगी दोघांची होते. मग ज्या दिवशी हातात कलम देतो, त्याच दिवशी दोघांच्याही हातात आपापली ताट-वाटी का देऊ नये?

करायचं काय, तर फार थोडं. खुंटी लेकराच्या उंचीवर ठोका. नाड्याऐवजी इलास्टिकची पँट शिवून घ्या. पाण्याचं भांडं खाली ठेवा, त्यात त्याला उचलेल असा छोटा मग ठेवा. साधारण चौथ्या वर्षी बटण काढता येतं, लावायला पाचवं उजाडतं, म्हणून शेजारच्या लेकराशी बरोबरी करू नका. स्वतंत्र करणं म्हणजे एकटं सोडणं नव्हे. रस्ता, विहीर, चूल इथे तुमचा हात हवाच.

आणि त्याचा नकारही ऐका. मेहमान आले की आपण म्हणतो, “मामू को पप्पी दे.” लेकरू मागे सरतं, आपण पुढे ढकलतो. नका ढकलू. लांबून सलाम केला तरी मेहमान नाराज होत नाहीत, आणि झाले तर होऊ द्या. आपल्या अंगावर आपला हक्क आहे हे चार वर्षांच्या पोरीला अम्मी-अब्बूंनी नाही शिकवलं, तर कोण शिकवणार?

माझा वेळ संपला. बाहेर खिचडी तयार आहे. लेकरांसाठी चटई वेगळी टाकली आहे, वाढायला छोटे चमचे ठेवले आहेत. वाढून त्यांनाच घेऊ द्या. सांडेल, म्हणून फडकीही ठेवली आहेत, ती मुलग्यांच्याही हातात द्या. अब्बू मंडळींनी चटईजवळ बसावं, अम्मींनी आज आधी जेवून घ्यावं.