धरणारे आणि सोडणारे द्रव्य



बिदरी भांड्यावर नक्षी कोरताना कारागीर ते मेण लावलेल्या दगडावर घट्ट बसवितो. छिन्नीचे घाव पडत असता भांडे हलता कामा नये. काम सरल्यावर मात्र मेणाने ते सोडले पाहिजे. वाकडे दात सरळ करताना दातांवर जी ब्रॅकेटे बसवितात, त्यांच्या चिकटद्रव्याकडूनही हीच दुहेरी अपेक्षा असते.

पूर्वी त्यासाठी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे घालावे लागे. दंतवल्क, म्हणजे दाताचे कठीण कवच, फॉस्फोरिक आम्लाने किंचित खरबरीत केल्यास कृत्रिम राळ त्यावर अधिक घट्ट धरते, हे अमेरिकेतील ब्युनोकोर यांनी १९५५ साली दाखविले. पुढे ब्रॅकेटे थेट दातावर बसू लागली.

ही पकड किती असावी? १९७५ साली रेनॉल्ड्स यांनी सांगितलेल्या प्रमाणाने दहा चौरस मिलिमीटर तळाच्या ब्रॅकेटाने सुमारे ६ ते ८ किलोग्रॅमचा भार सोसावा. याहून फार अधिक पकड हा गुण नव्हे. सिरॅमिकची आरंभीची काही ब्रॅकेटे रासायनिक बंधाने इतकी घट्ट बसत, की काढताना कधी दंतवल्काचा कपचाच निघे. आणि गेलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. बालपणी असे पाणी प्यालेल्यांच्या दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. डाग गडद असल्यास आम्लाचा परिणाम नीट होत नाही व ब्रॅकेट लवकर निखळू शकते. शिवाय असे दंतवल्क ठिसूळ असल्याने ब्रॅकेट काढतानाही अधिक जपावे लागते.

म्हणून हुमनाबाद वा कलबुर्गी येथील दंतवैद्यक महाविद्यालयात मुलाला नेताना पालकांनी गावच्या पाण्याची माहिती आधीच सांगावी. निखळलेले ब्रॅकेट घरच्या डिंकाने चिकटवू नये. उपचार संपला म्हणून ते सांडशीने उपटू तर मुळीच नये. दंतवैद्याची खास पकड ब्रॅकेटाला अशी दाबते, की ते शक्यतो चिकटद्रव्यापासून सुटते आणि दंतवल्काला धक्का लागत नाही. दातावर उरलेले द्रव्य तो सावकाश घासून काढतो. त्या शेवटच्या भेटीचा कंटाळा कोणी करू नये.