शिबिरात शेवटी कोण जेवतं?

(निवासी शिबिराच्या तयारीसाठी झालेल्या बैठकीत केलेलं भाषण)

वयानं मी तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकीसारखी. तरी थोडं स्पष्ट बोलते, रागावू नका.

शिबिर म्हटलं की आपण आधी काय ठरवतो? हॉल, बॅनर, पाहुणे, जेवण. शिबिर कुणासाठी, हे कुणी विचारतच नाही. आता बघा, डिसेंबरात हॉल सहज मिळतो म्हणून डिसेंबर ठरतो. पण दिवाळी झाली की आपल्या कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांमधली कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परत येतात. जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी, मग झोडणी. ज्या बाईला कर्जाचा हिशेब कळावा म्हणून एवढा खटाटोप, ती येणार कधी? लावणी उरकल्यावर आणि भात कापायला येण्याआधी जे काही दिवस मिळतात तेवढेच, आणि त्यातही मध्ये गणपती! हेतू पक्का असला की तारीखसुद्धा वेगळी निघते. नेतृत्व म्हणजे मला वाटतं हेच. माइक कुणाच्या हातात आहे, ते नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते जास्त मोठी. मागे एका निवासी शिबिराला मी गेले होते, आपलं नव्हे. विषय होता महिलांचं आरोग्य. आत मॅडम सांगत होत्या, बाईच्या अंगात रक्त कमी का होतं, तर ती सगळ्यांच्या शेवटी जेवते म्हणून. आणि मागच्या पडवीत दोघी जणी पहाटे चारपासून ऐंशी माणसांच्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. त्या जेवल्या साडेतीनला, उरलेली आमटी आणि भात. पातेलं घासता घासता एकीनं मला विचारलं, "आत कसली मीटिंग चाललीय गं?" त्याही कुठल्याशा गटाच्या सदस्यच होत्या. हजेरीचे कागद भरणारी सीआरपी ताई रात्री बारापर्यंत जागी, सकाळी सहाला परत दारात उभी. तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांवर खेकसायला लागली. आणि बोल कुणाला? तिच्या स्वभावाला!

बाबा आमट्यांनी साठच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यातलं तिकडचं ऊन कसलं असतं ते ऐकून असाल. तिथे कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं आणि बाहेरून आलेली तरुण पोरं खांद्याला खांदा लावून घाम गाळत. शिकायला आलेला एकीकडे आणि राबणारा दुसरीकडे, असं नव्हतं. आपल्याकडे तेवढं नाही जमलं तरी चालेल, पण भांडी घासायला पाळी लावता येते की! पदाधिकारी धरून.

पैशाचं आधी बोलायचं. स्वयंपाकाचा रोज किती, सीआरपीचं मानधन किती, ठरावात लिहून सही घ्यायची. "आपलंच काम आहे" म्हणत बाईला फुकट राबवायचं नाही. ते घरात होतंच आहे. शेवटच्या दिवशी पाचला म्हणजे पाचला सोडायचं. एक खोपोली लोकल चुकली की दुसरीसाठी ताटकळावं लागतं, आणि वाडीची वाट अंधारात एकटीनं तुडवायची. रोज रात्री काम करणाऱ्या सगळ्यांनी पंधरा मिनिटं एकत्र बसायचं, आणि आधी स्वयंपाकवाल्या मावशींनी बोलायचं. अध्यक्षांनी शेवटी.

आणि एक कायद्याची गोष्ट. तुमच्यातल्या कितीतरी जणी फार्महाऊसवर शहरातल्या मुलांच्या कॅम्पला स्वयंपाकाला, साफसफाईला जातात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा रोजंदारीवरच्या बाईलाही लागू आहे, बिनपगारी स्वयंसेविकेलाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत मागायचा हक्क आहे. आपल्या शिबिरातही हे पहिल्याच दिवशी सांगायचं, पुरुष पाहुणे समोर बसलेले असतानाच.

पुढच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघानं स्वयंपाकाचा दर आणि पाळीची नावं घेऊन यावं. उद्घाटनाच्या सत्राला चूल बंद राहील, मावशी पुढच्या सतरंजीवर बसतील. पाहुण्यांचा चहा अर्धा तास उशिरा होईल, तसं मी त्यांना आधीच कळवते.