कशिश महोत्सवात आम्ही पाच जणी

हे बोलणं यवतच्या आमच्या बचत गटांचं आहे. माईकसमोर एकटी बसले असले, तरी सांगणाऱ्या आम्ही पाच जणी आहोत.

मृग लागायच्या आधी आम्ही मुंबईला सिनेमा बघायला गेलो होतो. घरी 'प्रशिक्षण आहे' असं सांगितलं. एवढं खोटं पोटात घाला. खरं सांगितलं असतं तर निम्म्या जणी यवत स्टेशनपर्यंतसुद्धा पोचल्या नसत्या.

महोत्सवाचं नाव कशिश. श्रीधर रंगायन यांनी 2010 साली तो मुंबईत सुरू केला. पुरुषावर जीव लावणारे पुरुष, बाईवर जीव लावणाऱ्या बाया, तृतीयपंथी, अशा माणसांच्या जगण्यावरचे देशोदेशीचे सिनेमे तिथं दाखवतात. एलजीबीटीक्यू असं लांबलचक नाव पेपरात येतं ना, तीच ही माणसं. आणि हे काही चोरून चालत नाही. सरकारची परवानगी घेऊन चांगल्या थेटरात चालतं. एका ओळखीच्या कार्यकर्तीनं आमची नावं नोंदवली होती. आम्ही गेलो ते मरीन लाइन्सचं लिबर्टी थेटर. 'हम आपके हैं कौन' दोन वर्षांहून जास्त चाललं ते हेच, असं कळल्यावर आमच्यातल्या दोघी निम्म्या तिथंच खूश झाल्या.

आत गेलो आणि बावरलो. आम्हाला वाटलं होतं, सगळी 'तशीच' माणसं असतील. तर एका रांगेत कॉलेजची पोरं, पुढं दोन म्हातारे गृहस्थ एकाच थर्मासमधला चहा पितायत, पलीकडं एक मुलगा आई आणि आजी दोघींना घेऊन आलेला. आजी आमच्यासारखीच नऊवारीत. कोण कसलं, हे ओळखायचा नाद आम्ही थोड्या वेळानं सोडूनच दिला.

आमच्या शेजारी एक तृतीयपंथी बाई येऊन बसल्या. उंच, काठापदराची साडी. आम्ही अशा बाया बघितलेल्या रेल्वेत टाळी वाजवताना, नाहीतर बारशाला बिदागी मागताना. आमच्यातल्या एकीनं पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. त्यांनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

सिनेमा परदेशातला, खाली अक्षरं इंग्रजी. बीए झालेलीची सुद्धा दमछाक, बाकीच्यांचं काय विचारता. दहा मिनिटांनी त्याच बाई आमच्याकडं झुकल्या आणि हळू आवाजात मराठीत सांगायला लागल्या, "आता तो बापाला खरं सांगतोय. बाप म्हणतोय, लग्न कर, सगळं नीट होईल." बोलणं थेट नगरकडचं. 'लग्न कर' या शब्दाला सगळ्या थेटरातून एकदमच सुस्कारा निघाला. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. असं हसणं आम्हाला ओळखीचं वाटलं. हळदीकुंकवाला सासूचा विषय निघाला की आपण हसतो, तसंच.

मध्यंतरात आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. पर्स हलवणारीनंच त्यांच्या हातावर पहिली चतकोर ठेवली. खाताखाता त्यांनी बचत गटाचं सगळं विचारून घेतलं. महिन्याला किती टाकता, व्याज किती, बँक कर्ज देते का? आणि मग म्हणाल्या, "माझ्यासारखीला घ्याल का गटात?"

आम्ही पाचही जणी गप्प. एरवी आमच्या तोंडाला कुलूप लावावं लागतं.

परतीच्या गाडीत लोणावळ्यापर्यंत कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या एक काकू बोलल्या, आणि बोलल्या ते महोत्सवाबद्दल नव्हे. त्यांच्या मुलासाठी स्थळं बघणं चाललंय. तो दोन वर्षांपासून म्हणतोय, आई, मला मुलीशी लग्न करायचं नाही. काकूंनी हे नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. "लग्नानं नीट होईल असं मीच धरून चालले होते," म्हणाल्या. "पण जी पोरगी आणेन, तिचं काय?" मैत्रिणींनो, अशी माहेरी परत आलेली पोरगी आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलेली आहे. दोष तिलाच लागतो. मूल होत नाही म्हणून बुवाबाबाकडं तिलाच नेतात.

कायदा काय म्हणतो तेवढं सांगून ठेवतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला. 6 सप्टेंबर 2018 ला त्याच न्यायालयानं सांगितलं की सज्ञान माणसांचं राजीखुशीचं समलिंगी नातं हा गुन्हा नाही. म्हणजे काकूंच्या मुलानं काही गुन्हा केलेला नाही.

पुढं तुकोबांची पालखी मुक्कामाला आली. गावानं पिठलं-भाकरी केली. आम्ही वाढायला होतो. वारकऱ्यांत दोन तृतीयपंथी होते, दर वर्षी असतीलही, आमचं लक्ष यंदा गेलं. गटात विषय निघाला तेव्हा एकीनं 'शहरातलं खूळ' म्हटलं. त्यावर आमच्यातली सगळ्यांत वयस्क आजी म्हणाली, "मग भुलेश्वरला बाईच्या रूपातला गणपती कोरलाय तो काय मुंबईच्या लोकांनी?" श्रावणात दर सोमवारी जातो आपण, हात जोडून येतो.

सप्टेंबर 2025 मध्ये रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' लागला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं बक्षीस मिळवलेला मराठी सिनेमा. बाप वारल्यावर गावी आलेला मुलगा, दहा दिवसांचं सुतक, आणि त्याचा शेतकरी मित्र. यात अक्षरं वाचायची भानगड नव्हती, सगळं आपल्याच बोलीत. त्यातल्या आईला मुलाचं सगळं ठाऊक असतं. काकू तो बघायला पुण्याला गेल्या, मुलालाच बरोबर घेऊन. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. ठरलेला कांदेपोह्यांचा कार्यक्रम मात्र त्यांनी स्वतः फोन करून रद्द केला.

लिबर्टीतल्या त्या बाईंचा प्रश्न आम्ही मासिक बैठकीत मांडला. सात जणी हो म्हणाल्या, तीन जणी नाही, एक उठून गेली. तो तसाच प्रोसिडिंगच्या वहीत लिहिला आहे, खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. पुढची बैठक पाच तारखेला आहे.