परसातले बिऱ्हाडकरू



परस कोणाचे, असे कोणी विचारले तर तुम्ही म्हणाल, हे काय विचारणे झाले? ज्याचे घर त्याचे परस. घरपट्टी आम्ही भरतो, विहिरीचे पाणी आम्ही शेंदतो, वांगी-मिरच्या आम्ही लावतो, म्हणजे परस आमचेच. हिशेब बरोबर आहे. पण हा हिशेब सरड्याला कोणी सांगितलेला नाही. शिंप्याच्या चिमुकल्या पाखराला घरपट्टीची पावती वाचता येत नाही. घरातले मांजर आणि दारातला कुत्रा तर स्वतःलाच मालक समजतात. एवढी सगळी बिऱ्हाडे एका परसात नांदायची म्हणजे भांडणे ही होणारच, आणि ज्याला घटकाभर ओट्यावर बसून बघायला सवड आहे, त्याला करमणुकीला तोटा नाही. आज मी याच बिऱ्हाडकरूंविषयी चार शब्द बोलणार आहे.

प्रथम सरडा घेऊ. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण कुवत नसलेल्या माणसाला हिणवून म्हणतो. पण कुंपणावरचा सरडा जरा निरखून पाहा. तो तिथे थांबलेला असतो तो धाव संपली म्हणून नव्हे, तर ती त्याची हद्द आहे म्हणून. विणीच्या दिवसांत नर सरड्याचा गळा लालबुंद होतो. तो पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो, मान हलवतो आणि शेजारच्या सरड्याला बजावतो की, बाबा रे, इथून पुढे माझी जागा! बांधावरून कोर्टात जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे पाहण्यासारखे आहे. दोघे बराच वेळ जोर काढतात, बहुधा एकजण हटतो आणि वकिलाची फी वाचते. रंग बदलतो म्हणून आपण त्याला दगाबाज ठरवले. बिचारा रंग बदलतो तो लग्नाच्या गडबडीत. दिवसभर तो खातो मुंग्या, टोळ, किडे. म्हणजे पगार न घेता राखणदारी करतो.

आता मांजर. आमच्या शेजारच्या काकूंचे एक मांजर आहे. ते अधूनमधून पहाटे मारलेली चिचुंदरी आणून बरोबर देवघराच्या उंबऱ्यावर ठेवते. ठेवून शेजारी बसते आणि काकूंच्या तोंडाकडे अशा अभिमानाने पाहते की, जणू काही पोराने परीक्षेचा निकाल आणला आहे. काकू आरडाओरडा करतात. मांजराला वाटते, कौतुक चालले आहे! चिचुंदरीच्या अंगाला उग्र दर्प असतो, म्हणून मांजर तिला मारते पण सहसा खात नाही. खरे तर चिचुंदरी म्हणजे उंदीर नव्हे. ती झुरळे आणि किडे खाऊन राहते. म्हणजे काकूंच्या घरातला एक नोकर दुसऱ्या नोकराला मारतो आणि वर बक्षिसाची वाट पाहतो.

याच मांजराची फजिती शिंपी पाखराने केली. शिंपी म्हणजे दहा ग्रॅमही वजन न भरणारे हिरवट पाखरू. रुंद पानांच्या कडांना चोचीने भोके पाडायची, त्यांतून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवायचा आणि पान शिवून त्याच्या पिशवीत घरटे करायचे, ही त्याची कारागिरी. काकूंच्या न्हाणीमागच्या झुडपात असे घरटे होते. मांजर खाली दबा धरून बसले. पाखराने एवढा गिल्ला केला की बुलबुल आले, चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या; सगळ्यांनी मिळून मांजराला फांद्याफांद्यांवरून शिव्या घातल्या. शेवटी मांजर जे काही झालेच नाही असे दाखवून पंजा चाटू लागले आणि हळूच भिंतीवरून निघून गेले. काकूंनी खोडाभोवती बोरीची काटी बांधली. पुढे तीन-चार आठवड्यांत पिल्ले उडून गेली. काटी बांधायला पाच मिनिटे लागली असतील. परसातली बरीच भांडणे एवढ्याशा श्रमाने मिटतात.

वानरांचे भांडण मात्र एवढ्यावर मिटत नाही, हे कोकणातल्या बागायतदारांना सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त तलाठ्यांनी घेवड्याच्या मांडवाजवळ बुजगावणे उभे केले. त्याला स्वतःचा जुना कोट घातला, डोक्यावर मडके, मडक्यावर टोपी. दोन दिवस वानरे लांब बसून विचार करीत होती. तिसऱ्या दिवशी एक मोठा हुप्प्या बुजगावण्याच्या खांद्यावर बसून त्याच्या टोपीत उवा शोधताना दिसला! तलाठ्यांचा कुत्रा भुंकत धावला, त्याला त्या हुप्प्याने वरूनच एक चपराक दिली. तलाठी म्हणतात कसे, "चाळीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या कोटाला एवढी सलगी कुणी दाखवली नव्हती." यातला विनोद बाजूला ठेवू. शनिवारी मारुतीच्या नावाने फुटाणे टाकायचे आणि रविवारी गोफण फिरवायची, यातले वानराने काय समजावे? माणसाच्या हातचे खाण्याची चटक लागली की त्याला माणसाची भीती राहत नाही. पुण्य करायचे असेल तर ते फुटाण्यांशिवाय करावे.

एका पाहुण्याविषयी मात्र मी सावध करीन. तो म्हणजे मोठी शंखाची गोगलगाय. ही मूळची आफ्रिकेतली. १८४७ साली ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली आणि तिथून पसरली. गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण तिला शोभते. रात्रीतून रोपांचे शेंडे नाहीसे होतात आणि सकाळी चकाकणारी रेघ तेवढी उरते. २०२२ साली मराठवाड्यात सोयाबीनच्या कोवळ्या पिकाचा तिने फडशा पाडला. हिच्यावर सोपा उपाय म्हणजे गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी बांधाशी पसरावे. गोगलगायी त्याखाली जमतात. सकाळी हातमोजे घालून त्या वेचाव्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकून नष्ट कराव्या. उघड्या हाताने धरू नये, कारण तिच्या अंगात रोगाचे जंत असू शकतात. या कामी आपल्याला एक फुकटचा मदतनीस आहे, तो म्हणजे भारद्वाज, ज्याला काही ठिकाणी कुंभारकावळा म्हणतात. सकाळी दिसला तर दिवस चांगला जातो, असे आपण मानतो. दिवसाचे मला ठाऊक नाही, पण तो गोगलगायी खातो, म्हणजे मिरचीच्या रोपांची रात्र तरी चांगली जाते.

इथवर सगळे हसण्यावारी गेले. पण परसातली प्रत्येक गंमत हसण्यावारी जात नाही.

पहिल्या पावसाची संध्याकाळ होती. केळीच्या आळ्यात पाणी साचले होते आणि दगडाखालचे खडबडीत अंगाचे बेडूक किडे टिपायला बाहेर आले होते. आमच्या गल्लीतला मोत्या नावाचा कुत्रा अचानक तोंड वेडेवाकडे करीत, डोके हलवीत रस्त्यावर आला. जबड्यातून पांढरा फेस गळत होता. कोणीतरी ओरडले, "पिसाळला, पिसाळला!" बायकांनी पोरे घरात ओढली. दहा मिनिटांत पाच-सात काठ्या आणि एक पहार जमली. ज्या हातांनी रोज त्याला भाकरी घातली होती, त्यांतल्याच एका हातात पहार होती. मोत्या शेपूट पायात घालून भिंतीशी उभा राहिला.

इतक्यात तिसरीतले एक पोर पुढे आले आणि म्हणाले, "त्यानं बेडूक तोंडात धरलावता. मी बघितलं." पोराच्या बोलण्याला कोण विचारतो? पण गावच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तेवढ्यात तिथे पोचले. त्यांनी सगळ्यांना मागे सारले, मालकाकडून लस टोचल्याचे कार्ड मागवले, केळीच्या आळ्यात अंग फुगवून बसलेला बेडूकही पाहिला. मग मोत्याला साखळी घातली आणि नळीने त्याचे तोंड बराच वेळ धुतले. अर्ध्या-पाऊण तासाने फेस थांबला. या जातीच्या बेडकाच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात. कोणी चावले की त्यांतून झोंबणारा विषारी चीक येतो. कुत्रा त्याला सोडून देतो, आणि बहुतेक कुत्री पुन्हा त्याच्या वाटेला जात नाहीत. एवढेच घडले होते. काठ्या मुकाट्याने घरोघर गेल्या.

इथे एक गोष्ट नीट ऐका. तोंडाला फेस आला म्हणजे कुत्रा पिसाळलाच, असे नाही; पण पाणी प्याला म्हणजे पिसाळला नाही, असेही नाही. ते ठरवणे तुमचे-माझे काम नव्हे, डॉक्टरांचे आहे. तोवर त्याच्या तोंडात हात घालू नये, मुलांना दूर ठेवावे. कुत्रा चावला तर जखम ताबडतोब साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची जखमेत भरू नये. आणि पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून कार्ड जपून ठेवावे. त्या संध्याकाळी मोत्याची बाजू मांडायला ते पोर होते आणि ते कार्ड होते.

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नाव अपरीक्षितकारक असे आहे. म्हणजे नीट न पाहता केलेले काम. त्यात मुंगसाची गोष्ट आहे. मुंगूस सापाला मारून पाळण्यातल्या बाळाला वाचवते, रक्ताळलेल्या तोंडाने आईला सामोरे जाते, आणि बाळालाच खाल्ले असे समजून आई त्याच्यावर पाण्याचा घडा घालते. आपण ती गोष्ट शाळेत शिकवतो, गुण देतो आणि घरी येऊन काठी शोधतो.

सापाचेच पाहा ना. जवळच्या एका गावात एका घरची गाय सकाळी दूध कमी देऊ लागली. गोठ्यात धामण दिसली होती. झाले, चोर सापडला! धामण गुरांच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत गावोगाव आहे. मंडळी धामणीला मारायला निघाली तेव्हा घरातली आजी म्हणाली, "आधी दूध कोण पितो ते तर बघा." पहाटे बॅटरी घेऊन पाहतात तो काय, वासराने दाव्यातून मान सोडवून घेतली आहे आणि आचळाला लागले आहे! सापाला ओढून पिण्याजोगे ओठ नसतात, दात आत वळलेले. ते रुतले तर गाय क्षणभर तरी उभी राहील का? धामण गोठ्यात आली होती ती पेंडीपाशी येणाऱ्या उंदरांसाठी. ती बिनविषारी आहे आणि शेतकऱ्याची मोठी सोबतीण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला मारणे हा गुन्हाही आहे.

पण म्हणून साप दिसला की हात जोडून जवळ जावे, असे मी म्हणत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्या भागात आहेत. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. ही सगळी बहुतांशी खेड्यातली, शेतात राबणारी माणसे. तेव्हा साप ओळखता येत नसेल तर लांब राहावे आणि जाणकार सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवावे. रात्री परसात जाताना बॅटरी घ्यावी, पायात जोडा घालावा, जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. सांडलेले धान्य आणि लाकडांचे ढीग घरालगत ठेवू नयेत. दाणा उंदराला बोलावतो आणि उंदीर सापाला. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. हातपाय न हलवता सरळ दवाखाना गाठावा. सर्पविषावरची लस तिथेच मिळते.

गुरुजी आणि बाई, शेवटी आपल्याला एक विनंती. या पावसाळ्यात शाळेच्या बागेसाठी एक वही घाला. मुलांनी रोज दहा मिनिटे गप्प बसून पाहावे आणि कोण आले, काय खाल्ले, कोणाशी भांडले ते लिहावे. नावे चुकली तरी चालतील, पण डोळ्यांनी पाहिलेले आणि ऐकीव, हे दोन रकाने वेगळे ठेवायला सांगा. महिन्याअखेर दोन्ही रकाने वर्गात वाचून दाखवा. मुले पोट धरून हसतील, आणि हसता हसता बरेच शिकतील. तिसरीतल्या त्या पोराने दुसरे काय केले होते? त्याने पाहिले होते, आणि पाहिलेले सांगितले होते. मोत्या अजून आमच्या गल्लीत आहे. पावसाळ्यात तो केळीच्या आळ्याला वळसा घालून जातो.